कावळा बसला म्हणून फांदी मोडली काय?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले, विजेवर झाले. माझा विषय जरा आडवाटेचा आहे. सरकार लोकांच्या आरोग्यासाठी म्हणून काहीतरी करते. कधी लस टोचते, कधी पाण्यात औषध टाकते, कधी एखाद्या वस्तूवर बंदी घालते. मग एक मंत्री उभा राहतो आणि सांगतो, आम्ही हे केले म्हणून इतकी माणसे वाचली. विरोधी पक्षाचा पुढारी उभा राहतो आणि सांगतो, काही वाचली नाहीत, सगळा आकड्यांचा खेळ आहे. आपण दोघांनाही टाळ्या देतो आणि घरी येतो. यातला खरा कोण, हे ओळखायचे कसे? एवढाच माझा प्रश्न आहे. आणि तो मी आपल्या घरात, कोठ्यात, धुऱ्यावरच्या झोपडीत ठेवलेल्या फवारणीच्या बाटलीच्या निमित्ताने विचारणार आहे.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपण म्हणतो. कावळा म्हणतो, माझ्या वजनाने मोडली. फांदी आतून किडलेली होती हे कुणी पाहत नाही. आपल्याकडे असे कावळे पुष्कळ आहेत. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढची काही वर्षे कापसाचे उत्पादन वाढले. कंपन्या म्हणाल्या, आमच्या बियाण्याने वाढले. खतवाले म्हणाले, खताने. सरकार म्हणाले, आमच्या योजनांनी. खरे सांगायचे तर आपणही, आपल्याला तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे म्हणून, सगळे श्रेय बियाण्याला देऊन मोकळे झालो. पाऊस कसा होता, ओलीत किती वाढले, हे वेगळे काढून कितीजणांनी पाहिले?

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची खरे तर गरज नाही. नवीन औषध आले की शहाणा माणूस सगळ्या वावरात एकदम मारत नाही. दोन-चार ओळी तशाच सोडतो. माती तीच, बियाणे तेच, पाऊस तोच. फरक फक्त फवाऱ्याचा. आठ दिवसांनी दोन्हींकडे पाहिले की औषधात दम आहे की नाही ते कळते. सोडलेल्या ओळी नसतील तर अळी औषधाने मेली की पावसाने धुऊन गेली, हे देवालाच ठाऊक.

पण माणसांच्या बाबतीत ओळी सोडायच्या कशा? या गावाला चांगले पाणी, त्या गावाला घाण पाणी, आणि बघू कुठे किती मरतात, असा प्रयोग कोणी मुद्दाम करू लागला तर त्याला आपण गावातून हाकलून देऊ. मग एक मार्ग उरतो. कोणी न ठरवता, आपोआप घडून गेलेला प्रयोग शोधायचा. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असा पाऊस आपण पाहिलेला आहे. धुऱ्याच्या अलीकडे पडला, पलीकडे पडला नाही. असा पाऊस कोणी प्रयोगासाठी पाडत नाही, पण डोळे उघडे असतील तर त्यातून जेवढे शिकता येते तेवढे एखाद्या संशोधन केंद्राच्या प्लॉटवरूनही शिकता येत नाही. शास्त्रज्ञ याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात.

याचे पहिले मोठे उदाहरण लंडनचे आहे. थोडक्यात सांगतो, कारण त्यातली एक गोष्ट मला शेवटी पुन्हा लागणार आहे. १८५४ साली तिथे कॉलऱ्याची साथ होती. घाणेरड्या हवेने कॉलरा होतो, असे बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो नावाचा एक डॉक्टर म्हणत होता की रोग पाण्यातून येतो. थेम्स नदीच्या दक्षिणेच्या वस्तीत दोन खाजगी कंपन्या पाणी पुरवत. दोघींची स्पर्धा अशी की एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांत दोघींचे नळ. श्रीमंत-गरीब, स्वच्छ-अस्वच्छ, सगळे दोघींच्याही गिऱ्हाइकांत होते. त्यातल्या लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला नेला, जिथे शहराची गटारे पाण्यात मिसळत नव्हती. साउथवर्क अँड वॉक्सहॉल ही दुसरी कंपनी होती तिथेच राहिली. झाला प्रयोग! हवा तीच, गल्ली तीच, पाणी तेवढे वेगळे.

स्नो साहेबांनी काय केले? कॉलऱ्याने माणूस मेला की त्या घरी जाऊन विचारायचे, तुमच्याकडे पाणी कोणत्या कंपनीचे? भाडेकरूंना पुष्कळदा तेही माहीत नसे. मग पाण्यातल्या मिठाच्या अंशावरून तपासून कंपनी ठरवायची. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत घाण पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू निघाले आणि लॅम्बेथच्या दर १०,००० घरांमागे ३७. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो नंतर जवळजवळ तीस वर्षांनी. म्हणजे जंतू दिसण्याच्या आधीच कंपनीच्या नावावरून रोगाचा रस्ता सापडला होता.

आता बाटलीकडे येतो.

श्रीलंका आपल्याला जवळची. लहान देश, शेतीवर जगणारा. १९९५ साली त्या देशात आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या देशांत होते. आठ वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे ५७. त्यातल्या बहुतेकांनी कीटकनाशक घेतलेले असे. श्रीलंकेत १९८० साली कीटकनाशकांच्या नियंत्रणाचा कायदा झाला आणि त्यासाठी एक निबंधक नेमला गेला. १९८४ मध्ये पॅराथिऑन आणि मिथाईल पॅराथिऑन बंद झाले. १९९५ मध्ये जहाल विषारी वर्गातली उरलेली औषधे बंद झाली, त्यात आपल्या ओळखीचे मोनोक्रोटोफॉस होते. १९९८ मध्ये एंडोसल्फान बंद झाले. पुढे २००८ ते २०११ या काळात डायमिथोएट, फेन्थिऑन आणि पॅराक्वाट ही आणखी तीन गेली.

२०१५ साली तोच आकडा दर लाखामागे १७ वर आला होता. ५७ वरून १७. १९९५ ते २०१५ या काळात या बंदीमुळे सुमारे ९३,००० माणसे वाचली असावीत, असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे.

आता तुम्ही मनात म्हणत असाल, हा बघा कावळा! बंदी बसली आणि फांदी मोडली. बरोबर आहे, तीच शंका घेतली पाहिजे. त्या वीस वर्षांत श्रीलंकेत काय काय झाले नसेल? १९८३ पासून २००९ पर्यंत यादवी युद्ध चालले होते. बेकारी वरखाली झाली, दारूचा खप बदलला, कुटुंबे मोडली. अभ्यासकांनी यातली एकेक गोष्ट आत्महत्यांच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिली. कशाचीही चाल त्या घसरणीशी जुळली नाही. माणसांनी दुसरा मार्ग धरला असेल, ही शंकाही पाहिली. दुसऱ्या मार्गांनी होणाऱ्या मृत्यूंत ही घट भरून निघेल अशी वाढ झालेली नव्हती.

पण मला सगळ्यात पटलेला पुरावा वेगळाच आहे, आणि तो एका अपयशातून मिळालेला आहे. १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस गेले तेव्हा शेतकरी दुसऱ्या औषधांकडे वळले, त्यात एंडोसल्फान होते. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागातल्या दवाखान्यांत १९९४ साली एंडोसल्फानने एक मृत्यू झाला होता. १९९८ साली पन्नास झाले. त्या वर्षी एंडोसल्फान बंद केले. तीन वर्षांत तो आकडा तीनवर आला. पाहिलेत? एक औषध गेले, त्याचे मृत्यू गेले. दुसरे आले, त्याचे मृत्यू आले. तेही गेले, तर त्याचेही मृत्यू गेले. कावळा एकदा बसला तर योगायोग म्हणू. तो उठला की फांदी वर येते आणि बसला की वाकते, असे पुन्हापुन्हा दिसले तर कावळ्याच्या वजनाचा विचार करावाच लागतो.

दुसऱ्या देशांतही हेच दिसले. बांगलादेशाने २००० साली जहाल औषधे बंद केली, तिथे कीटकनाशकाने होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण १९९६ मधील दर लाखामागे ६.३ वरून २०१४ मध्ये २.२ वर आले. दक्षिण कोरियाने २०११-१२ मध्ये पॅराक्वाट काढले आणि दोन वर्षांत कीटकनाशकाचे मृत्यू निम्म्यावर आले.

आता खरा प्रश्न. तो तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या ओठावर आला आहे हे मला दिसते आहे. शेतकरी मरतो तो कर्जाने. कापसाला भाव नाही म्हणून मरतो. आयुष्यभर आपण हे सांगत आलो, त्यासाठी रस्त्यावर बसलो, तुरुंगात गेलो. आणि आज हा मनुष्य सांगतो की बाटली बंद करा! रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला?

भावांनो, दुःखाचे कारण आणि मृत्यूचे कारण या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. दुःख वर्षानुवर्षे साचते. तीन वर्षांची नापिकी, सावकाराचे व्याज, पोरीचे लग्न, बँकेची नोटीस. पण तो शेवटचा क्षण फार थोडा असतो. श्रीलंकेत जे वाचले त्यांना विचारले तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी सांगितले की विचार मनात आला आणि अर्ध्या तासाच्या आत हात बाटलीकडे गेला. घरात भांडण झाले, पोरगा उलटून बोलला, दारात वसुलीवाला चार लोकांदेखत टाकून बोलला. तो अर्धा तास गेला असता तर माणूस राहिला असता. आणि जे एकदा वाचतात त्यांच्यातले बहुतेक पुढे अशा मार्गाने मरत नाहीत, हे जगभर दिसलेले आहे. तुमच्याही गावात असा एखादा आहे. आज तो पंचायतीत बसतो, नातवाला खांद्यावर घेऊन फिरतो. त्याच्याकडे पाहून कोण म्हणेल की याला मरायचेच होते?

त्या अर्ध्या तासात हाताशी काय आहे, यावर सगळे ठरते. जहाल औषध असेल तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेईतो सगळे संपते. कमी विषारी असेल तर माणूस दवाखान्यात पोचतो, डॉक्टरच्या हाताला वेळ मिळतो.

आणि याच्यापुढची गोष्ट आपल्या चळवळीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, म्हणून नीट ऐका. बंदीनंतरच्या पहिल्या दहा वर्षांत श्रीलंकेत औषध घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या कमी झालेली नव्हती. लोक येतच होते. फक्त मरत कमी होते. उद्या एखादा सचिव तुम्हाला म्हणेल, आम्ही बाटल्या बंद केल्या, आत्महत्या खाली आल्या, आता भावाची ओरड कशाला? त्याला हाच आकडा दाखवा. बंदीने मरण कमी केले, दुःखाला तिने हातही लावला नाही. दुःखाचा हिशोब उत्पादन खर्च आणि हातात पडणारा भाव यांच्यातच राहतो, आणि तो आपण मागतच राहू. पण मागणारा जिवंत असला पाहिजे ना?

बंदी हा शब्द आपल्याला आवडत नाही, आवडण्याचे कारणही नाही. आपल्या मालाला निर्यातबंदीने मारले, साठ्याच्या मर्यादेने मारले, कापूस राज्याबाहेर नेऊ दिला नाही म्हणून मारले. सरकारने घातलेली बंदी चांगलीच असते, असे मी मेलो तरी म्हणणार नाही. आणि हे सांगायलाही पुन्हा श्रीलंकाच उपयोगी पडते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एका फटक्यात रासायनिक खते आणि शेतीची सगळी रसायने यांची आयात बंद केली. सेंद्रिय शेतीचा झेंडा, टाळ्या, परदेशात कौतुक. भाताचे पीक कोसळले, चहाला फटका बसला. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते, २०२२ साली तांदूळ बाहेरून आणायची पाळी आली. परकी चलन आधीच संपत आले होते, त्यात ही भर. त्या वर्षीच्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडून जावे लागले.

एकाच देशातल्या दोन बंद्या. पहिलीत एकेक औषध निवडले, त्याने किती मेले हे दवाखान्यातून मोजले, शेतकऱ्याच्या हातात दुसरे काय आहे हे पाहिले, आणि वर्षानुवर्षांच्या टप्प्याने पुढे गेले. भात आणि भाजीपाला यांच्या उत्पादनाचे आकडे नंतर तपासले, त्यांत बंदीमुळे घट आलेली दिसली नाही. दुसरीत काहीच मोजले नाही. बंदी चांगली की वाईट, असा वाद घालणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून दाखवा. बाजूचा धुरा म्हणतात तो हाच.

एक सावधगिरी मात्र सांगतो. श्रीलंकेत भात आहे, भाजीपाला आहे, चहा आहे. कापूस नावालाच. म्हणून उत्पादन घटत नाही हा तिथला निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या पऱ्हाटीवर चिकटवू नका. कापसाच्या किडी वेगळ्या, फवारण्या जास्त. आणि जहाल औषध स्वस्त असते, हेही विसरू नका. ते काढून महागडे औषध घ्यायला लावले तर एकरी वाढणारा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. तो उत्पादन खर्चात मोजला गेला पाहिजे. हे सांगायला आरोग्य खात्याचा कोणी येणार नाही, आपल्यालाच सांगावे लागेल.

आणखी एक गोष्ट मला फार शिकवून गेली. बंदी नको असेल तर दुसरा उपाय काय, असे विचारले की चांगली चांगली माणसे म्हणतात, कुलूप लावा. औषध कुलपात ठेवले की झाले. मलाही हे पटले होते. श्रीलंकेच्या अनुराधपूर भागात हे मुद्दाम तपासले गेले. हा घडून गेलेला प्रयोग नव्हता, रीतसर केलेला प्रयोग होता, ओळी सोडून. १८० गावे घेतली, ५३,००० हून अधिक घरे. निम्म्या गावांत प्रत्येक शेतकरी घराला कुलपाची पेटी दिली, निम्म्यांत दिली नाही. २०१७ साली निकाल छापला गेला. औषध घेण्याच्या घटनांत दोन्हीकडे फरक नव्हता. कारण शोधायला फार लांब जायला नको. फवारणीच्या दिवसांत किल्ली कुठे असते? खुंटीला, नाहीतर पेटीलाच. आणि किल्ली घरधन्याच्याच करगोट्याला असेल तर कुलूप कुणापासून? पेटी वाईट आहे असे मी म्हणत नाही. लहान पोरांचा हात लागू नये म्हणून कुलूप हवेच. पण पेट्या वाटून फोटो काढून घेणाऱ्यांना विचारा, सोडलेली ओळ कुठे आहे?

आता आपल्या घरात या.

बाटलीवरच्या चौकोनातला रंगाचा त्रिकोण सगळ्यांनी पाहिला आहे. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मोनोक्रोटोफॉसवर लाल त्रिकोण असतो. आणि आपण त्याला म्हणतो औषध! मराठीत एका शब्दाने एवढा घात क्वचितच केला असेल. २०१३ साली बिहारमध्ये शाळेच्या जेवणातून हेच मोनोक्रोटोफॉस २३ लेकरांच्या पोटात गेले आणि ती गेली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यातल्या कुणालाही मरायचे नव्हते. सालदार होता, रोजाने फवारायला गेलेला पोरगा होता. पऱ्हाटी छातीच्या वर गेलेली, वारा अंगावर, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. म्हणजे हा प्रश्न एकट्या आत्महत्यांचा नाही. पिणाऱ्याला जे मारते तेच फवारणाऱ्यालाही मारते.

श्रीलंकेने मोनोक्रोटोफॉस १९९५ साली बंद केले. आपल्या केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के या आपल्या नेहमीच्या द्रावणाच्या बंदीचा आदेश २०२३ साली काढला, आणि दुकानातला साठा संपवायला मुदत दिली. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली. हिशोब तुमचा तुम्ही करा.

पण मला आज त्या अठ्ठावीस वर्षांवर रडायचे नाही. मला असे दिसते की आदेश निघाला त्या दिवशी आपल्याच जिल्ह्यात एक नैसर्गिक प्रयोग सुरू झाला. एका तालुक्यात साठा लवकर संपला असेल, दुसऱ्यात उशिरा. एका गावात कृषी केंद्रवाल्याने बाटल्या परत केल्या, दुसऱ्या गावात मागच्या दाराने चालूच असतील. कुठे त्याच्या जागी दुसरे लाल त्रिकोणवाले आले असेल, एंडोसल्फानसारखे. बैलाचे एक शिंग भिजले आहे आणि एक कोरडे. एवढा मोठा प्रयोग, आणि त्याची नोंद कोण ठेवते आहे?

लंडनच्या त्या डॉक्टरची आठवण करा. त्याला प्रत्येक मृत्यूमागे एकच गोष्ट हवी होती, पाण्याच्या कंपनीचे नाव. श्रीलंकेला एंडोसल्फान सापडले ते दवाखान्याच्या कागदावर औषधाचे नाव लिहिलेले होते म्हणून. आपल्याकडे वर्तमानपत्र उघडा. विषारी औषध प्राशन करून. बस. कोणते औषध? लिहिलेले नसते. मदत द्यायची वेळ आली की पात्र-अपात्र ठरवायला सातबारा पाहतात, कर्जाचा कागद पाहतात, बँकेची नोटीस पाहतात. आणि बाटली? बाटली घरचे लोक त्याच दिवशी उकिरड्यावर फेकतात, कारण ती डोळ्यांसमोर नको असते. तिच्याबरोबर तिचे नावही जाते.

म्हणून एक काम सांगतो. प्रत्येक तालुक्याने एक वही घालायची. तालुक्यात विषबाधेची कोणतीही घटना घडली, पिऊन झालेली असो की फवारताना, माणूस गेलेला असो की वाचलेला, ती वहीत यायची. माणसाचे नाव लिहायचे नाही. कुणाच्या घराची अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही. तारीख, गाव, बाटलीवरचे औषधाचे नाव आणि त्रिकोणाचा रंग, प्याला की फवारत होता, दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला, वाचला की नाही. कंपनीचे ठसठशीत नाव वर असते, ते पुरत नाही. खाली बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव असते ते उतरवून घ्यायचे. वाचलेल्यांची नोंद टाळू नका. ती टाळली तर आपल्याही हातात निम्मीच गोष्ट राहील, आणि आपणही कावळाच ठरू. दुसऱ्या पानावर गावातल्या कृषी केंद्रात कोणते लाल आणि पिवळे औषध कोणत्या महिन्यापासून मिळेनासे झाले ते लिहा. तिसऱ्या पानावर त्याच्या जागी काय घेतले, एकरी खर्च किती पडला आणि कापूस किती निघाला ते. जुन्या नोंदी मिळाल्या तर सोन्याहून पिवळे. घरोघरी दवाखान्याचे सुटीचे कागद जपून ठेवलेले असतात, ते पाहा.

मायबहिणींनो, यातले अर्धे काम तुमच्याच हातचे आहे. घरात असे काही घडले तर माणसाबरोबर बाटलीही गाडीत टाका. डॉक्टरला काय उपचार करायचा ते तिच्यावरून लवकर कळते. आणि घरातला कोणी गप्प झाला असेल, जेवेनासा झाला असेल, तर त्याला एकटे सोडू नका, बोलते करा. टेलिमानस म्हणून सरकारचा १४४१६ हा फुकटचा फोन आहे, मराठीत बोलता येते. तो नंबरही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ओळी आखलेल्या आहेत. प्रत्येक तालुका प्रमुखाने सही करून एक न्यावी. पुढची जिल्हा बैठक वेचणी संपल्यावर आहे, तेव्हा भरलेली पाने घेऊन यायची. ज्या तालुक्यात एकही नोंद झाली नाही त्यांनी कोरी वही तरी आणायचीच, पण मग दवाखान्यात कितीदा जाऊन विचारले हे सांगायचे.